चिमटा घेणारी मशीन

वॉशिंग मशीनच्या मेकॅनिकला लोकांच्या घरातलं जेवढं कळतं तेवढं शेजाऱ्यालाही कळत नसेल. पाणी निघत नाही म्हणून बोलावतात, मी मशीनच्या खालची जाळी उघडतो आणि त्यातून काय काय बाहेर येतं! 'सोडली' म्हणून बायकोला सांगितलेल्या तंबाखूची पुडी, कुठल्या कुलपाची ते कुणीच सांगायला तयार नसलेली किल्ली, गुरुजींच्या खिशातला खडू. नांदेडात एकदा अख्खी दातांची कवळी निघाली. ज्यांची होती ते आजोबा चार दिवस सुनेवर संशय घेऊन बसले होते. मी कवळी धुऊन हातात दिली तर आभार राहिले बाजूला, मलाच म्हणाले, "जरा हळू बोल की."

मी व्यंकट. नांदेडला राहतो. एका मोठ्या कंपनीच्या वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात माझी नोकरी झाली. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे माझ्याकडं होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांचं काही अडत नाही. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा कवळीसारखे दहा-बारा किस्से लिहून द्यायचे असं ठरवलं होतं. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट आडवी येते. तिच्याबद्दल मी घरातही फारसा बोललेलो नाही. ती आठवली की आजही अंगावर काटा येतो आणि हे आपण केलं यावर माझा विश्वास बसत नाही.

आधी जुन्या मशीनबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर नव्या मशीननं काय घालवलं ते कळणार नाही. आमची जुनी मशीन दिसायला ठोकळा होती. मागच्या बाजूला उंच पट्टी, त्यावर दोन गोल बटणं, ती किर्रर्र आवाज करत फिरायची. पण टिकाऊ अशी की बस्स! कंधारच्या एका शेतकऱ्यानं तक्रार केली, मशीन खडखड वाजते. जाऊन पाहतो तर ड्रममध्ये पोतंभर भुईमुगाच्या शेंगा. शेतातनं उपटून आणायच्या, मशीनमध्ये टाकायच्या, माती निघून शेंगा लख्ख. मी कपाळाला हात लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मशीनवर कुठं लिवलंय का, कपडेच धुवा म्हणून? शेंगा बघा की कशा निघाल्यात." खरंच चांगल्या निघाल्या होत्या. दोन किलो मला बांधून दिल्या. तळाला अडकलेले खडे काढले आणि मशीन पुन्हा चालू. त्या घरात ती पुढं किती हंगाम शेंगा धूत होती देव जाणे.

अशा मशीन विकायला अवघड नव्हतं. लातुरात आमचे विक्रेते होते आप्पा. लिंगायत व्यापारी, कपाळावर विभूतीची तीन बोटं, पांढरं धोतर, दुकानात शिरलेल्या माणसाला आधी पाणी आणि मग मशीन. त्यांची विकायची पद्धत अशी की गिऱ्हाईक कंपनीचं नाव विचारायचंच नाही. "आप्पा, आमच्या घराला कोणती बरी?" एवढंच विचारायचं. आप्पा घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, धुणं कोण धुतं, सगळं विचारून घ्यायचे आणि एका मशीनवर हात ठेवायचे. तो हात ज्या मशीनवर पडला ती त्या घरी गेली. गावोगाव लोक तिला 'आप्पाची मशीन' म्हणायचे. कंपनीनं टीव्हीवर केवढ्या जाहिराती केल्या, पण आमच्या भागात कंपनी म्हणजे आप्पाच होते.

मग नवं मॉडेल आलं. ते दाखवायला कंपनीनं लातूरच्या एका हॉटेलात आम्हा सगळ्यांना बोलावलं. पडदा ओढला आणि सगळ्यांच्या तोंडून 'वा' निघालं. काचेचं झाकण, चकचकीत पत्रा, आणि बटणं तर दिसतच नव्हती. बोट लावलं की उजेड. ही बटणं मागच्या उंच पट्टीवरून पुढच्या काठावर आणली होती, उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अगदी पोटाशी. 'हात लांब करायला नको,' असं डिझाइनचा इंजिनिअर कौतुकानं सांगत होता. माणूस हुशार होता, बोलायला नम्र होता. आप्पा पुढं गेले, बटणांच्या काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, बाई ओला कपडा उपसून काढणार. त्याचं पाणी ह्याच्यावरच गळणार की."

इंजिनिअर हसून म्हणाला, "सील आहे आप्पाजी. एक थेंब आत जाणार नाही."

मीही हसलो. आप्पांना मशीनच्या आतलं काय कळतं, असं मला वाटलं. ही माझी पहिली चूक.

आप्पांनी साहेबांवर विश्वास ठेवला. आणि आपण विकणार ती वस्तू आधी आपल्या माणसाच्या घरात, हा त्यांचा नेम. त्यांची लेक महानंदा देवणीला दिली होती. पंचमीला ती माहेरी आली होती. ती परत निघाली तेव्हा तिच्यामागं टेम्पोत नव्या मॉडेलची मशीन गेली. मी स्वतः जाऊन ती बसवून आलो.

पुढचं वर्षभर मॉडेल जोरात खपलं, आणि तक्रारींच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. तक्रार कशी यायची ते सांगतो. गिऱ्हाईक एका नंबरवर फोन करणार, तो फोन लांब कुठल्यातरी शहरात वाजणार, तिथली मुलगी हिंदीत विचारणार आणि कॉम्प्युटरवर ठरलेल्या यादीतलं एक वाक्य निवडणार. आवाज येतो, पाणी निघत नाही, फिरत नाही, कपडा अडकतो. तेच वाक्य इंग्रजीत छापून माझ्या हातात. नव्या मॉडेलच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा एकच छापलेलं असायचं, कपडा अडकतो.

मी जायचो. ड्रमची कड बोटानं चाचपायचो, कुठं धार आहे का, फट आहे का. काही नसायचं. जुनी साडी टाकून फिरवून बघायचो, साडीला साधा ओरखडा नाही. घरातला पुरुष सोबत उभा असायचा. बाई आत नाहीतर दाराआड. मी चिठ्ठीवर 'दोष नाही' असं लिहायचो, सही घ्यायचो, आणि पुढच्या गावची बस पकडायचो. एवढ्या घरी 'दोष नाही' लिहिताना एकदाही मला वाटलं नाही की एवढी माणसं उगाच कशाला फोन करतील? कंपनीनंही कधी विचारलं नाही. उलट माझ्या चिठ्ठ्या पटापट मिटतात म्हणून मला शाबासकी मिळाली.

तशीच चिठ्ठी देवणीची आली. महानंदाच्या घरची.

मी गेलो तेव्हा घरात महानंदा आणि तिच्या सासूबाई. मशीन न्हाणीच्या कडेला. मी नेहमीसारखं आधी फरशी पुसून घ्यायला सांगितलं, कारण ओल्यात अवजारं ठेवता येत नाहीत. कंपनीचे जाड रबरी तळाचे बूट माझ्या पायात होते. घरात शिरताना त्यावर प्लास्टिकची टोपी चढवायची असा नियम होता, म्हणजे बूट काढावे लागत नसत. मला या थाटाचा मोठा अभिमान. मशीन पुढं ओढली, कोरडी पुसली, फिरवली. ठणठणीत. महानंदा पदराशी चाळा करत उभी होती. ती म्हणाली, "काका, ही मला चिमटं घ्यायलीय."

माझ्या हातातल्या चिठ्ठीवर 'कपडा अडकतो' असं छापलेलं. मी चिठ्ठीत बघत म्हणालो, "कुठल्या कपड्याला घेते? साडीला का चादरीला?"

तिनं एकदा सासूकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "धुवायच्या कट्टाळ्यानं म्हणायलीय ती. म्हायेरची मशीन, लाडाची मशीन. न्हाई घेत चिमटं-बिमटं."

"काही नाही बाई, मशीन एक नंबर आहे," मी म्हणालो आणि 'दोष नाही' लिहिलं. महानंदानं सही केली. परत येताना लातूरला आप्पांच्या दुकानात चहा घेतला आणि त्यांनाही सांगितलं, मशीन ठणठणीत. आप्पांनी माझ्यासमोर लेकीला फोन लावला. "व्यंकटराव बघून गेलेत माय. आता मनात काय आणू नको. वापर बिनघोर."

आता नांदेडच्या एका आजींची गोष्ट. जुन्या गावातलं घर, मशीन देवघराच्या दाराला लागून. चिठ्ठी तीच. मी बुटांवर प्लास्टिक चढवून आत पाऊल टाकतोय तोच आजी आडव्या झाल्या.

"बूट काड भायेर."

"आजी, वरून प्लास्टिक आहे की. एक कण पडणार नाही."

"ते पिशवी घालून देवाला फसवून ऱ्हायलास व्हय? हितं देवाचं पाणी हाय. काड!"

काय करणार? काढले. मोजेही काढायला लावले. त्यांनी नुकतंच धुणं काढलेलं, फरशी चिंब. पुसून द्या म्हणालो तर म्हणाल्या, "तू काय सासरा हायस माझा? हाय तशी बघ." पहिल्यांदाच मी नव्या मॉडेलसमोर अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहिलो आणि झाकण उघडायला हात घातला.

दंडापर्यंत असा झटका बसला की तोंडातून आवाजच निघाला नाही. दात एकमेकांवर आपटले. मी मागं सरकून दाराची चौकट धरली. विजेचं काम करणारा माणूस मी, झटके माझ्या ओळखीचे. पण हा मशीनच्या अंगातून, पत्र्यातून आलेला होता. जिथं बाईचा हात रोज लागतो तिथून.

आजी मात्र अगदी निवांत. "घेतला न्हवं चिमटा?" त्या म्हणाल्या. "रोज घेतंय मेलं. फोनवर मी हेच तर सांगितलं त्या पोरीला, मशीन चिमटा लेरी म्हणून."

त्यांनी कोपऱ्यातला लाकडी पाट ओढला, मशीनसमोर ठेवला, त्यावर उभ्या राहिल्या आणि बटणावर बोट ठेवून दाखवलं. "पाटावर हुबं ऱ्हायलं की न्हाई घेत. म्यां शोधून काडलंय."

चिमटा. आमच्याकडं 'शॉक' हा शब्द बायका सहज वापरत नाहीत. शॉक म्हणजे माणूस तारेला चिकटला, संपला. जो मारत नाही पण हात झटकायला लावतो, त्याला त्या चिमटा म्हणतात. मी इथलाच, माझी आई हाच शब्द वापरायची. ती फोनवरची मुलगी परमुलखातली, तिला वाटलं मशीन कपड्याला चिमटते. तिची चूक समजू शकतो. माझी कशी समजून घेऊ? महानंदा माझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, ही *मला* चिमटं घ्यायलीय. त्यातलं 'मला' माझ्या कानात शिरलंच नाही. छापील कागद हातात होता ना.

आणि तिथं, आजीच्या ओल्या फरशीवर, माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. देवणीच्या घरात मशीनसमोर पाट नव्हता. काहीच नव्हतं. आणि तिला मी सांगितलं होतं, वापर.

मी अनवाणीच अंगणात आलो आणि आप्पांना फोन लावला. "आप्पा, महानंदाला मशीनला हात लावू देऊ नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करायला सांगा, मग पिन काढायला. कोरड्या हातानं. मशीनला कुणीच शिवू नका."

आप्पा म्हणाले, "व्यंकटराव, तुमीच तर म्हणलाव ठणठणीत हाय."

"आप्पा, मी चुकलो. आधी फोन लावा."

त्यांनी ठेवला. मी त्या अंगणातल्या तुळशीच्या ओट्यावर बसलो. आजींनी न विचारता गूळ-पाणी आणून दिलं. माझा हात अजून मुंग्यांनी भरलेला होता, पण जीव घाबरला होता तो वेगळ्याच गोष्टीनं. देवणीत या वेळेला धुणं चालू असतं. फोन कुणी उचललाच नाही तर? उचलला आणि सासूबाई म्हणाल्या, नखरे आहेत, तर? मी देवाचं फारसं करत नाही, पण त्या दिवशी मला जेवढी नावं येत होती तेवढी घेतली. फोन वाजला तेव्हा तो हातातून दोनदा निसटला.

"बटण काडलं," आप्पा म्हणाले. "धुणं चालूच होतं. पोरगी हुबी हाय. बरी हाय." आणि मग एवढंच, "उद्या सकाळी देवणीला जायाचं. तुमी पण या."

देवणीचं शेवटी सांगतो. आधी मशीनचं आणि कंपनीचं काय झालं ते सांगून मोकळा होतो.

आजींची मशीन मी तिथंच उघडली. बटणांच्या काचेखाली एक बारीक सांध होती. रोज ओले कपडे तिच्यावरून निथळत जायचे आणि पाणी सांधीतून आत झिरपायचं. आमच्याकडं नळाला जोर नाही, म्हणून बायका बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी बादलीनं वरून ओततात, त्यातलंही सांडायचं. हे पाणी जड, खारं. आत पांढरा थर धरला होता आणि त्या थराखाली, बरोबर सांधीच्या खाली, विजेच्या तारेचा जोड थेट पत्र्याला टेकून बसवलेला. तारेतून थरात, थरातून पत्र्यात. पत्र्यात आलेली वीज जमिनीत जावी म्हणून पिनला तिसरा पाय असतो. पण इथल्या निम्म्या घरांत तो पाय भिंतीत जातो आणि तिथंच थांबतो, पुढं तारच नाही. मग वीज जाणार कुठून? ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या अंगातून. जुनी मशीन मागच्या उंच पट्टीवर बटणं ठेवायची, तिथपर्यंत पाणी पोचायचंच नाही. दिसायला छान म्हणून हातभर जागा बदलली, एवढंच झालं होतं. मला मात्र हे दिसलं नव्हतं, कारण मी फरशी कोरडी करून, मशीन पुसून, रबरी बूट घालून तिच्यापुढं उभा राहत होतो.

पुढचे कित्येक दिवस मी माझ्याच 'दोष नाही' लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन घरोघर फिरलो. यावेळी दारातच बूट काढून. आणि जे पाहिलं त्यानं मी हादरलो. जवळजवळ प्रत्येक घरात मशीनसमोर काही ना काही होतं. कुठं पाट, कुठं टायरचा तुकडा, कुठं नवऱ्याच्या जुन्या स्लिपरा. किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी चुलीजवळची वाळकी काठी दाखवली. "काठीनंच बटण दाबून राहिले मी, साहेब. हात लावतच नाही." लातूरच्या एका बाईंचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. घरचे म्हणत होते फरशीवरून पाय घसरला. बाई म्हणाल्या, "घसरला न्हाई. फेकलं." प्रत्येकीनं आपला इलाज शोधून काढला होता, आणि माझ्याशी पुन्हा कुणी बोलली नव्हती, कारण मी लिहून दिलं होतं की दोष नाही. एका घरी तर मला स्पष्ट आठवलं की मागच्या खेपेला मशीनसमोर पाट होता, आणि अवजारांना जागा करायला तो मीच पायानं बाजूला सारला होता.

हे सगळं लिहून मी कंपनीला पाठवलं. फोटो जोडले. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी सगळ्या मशीन परत मागवतील. उत्तर आलं की अर्थिंग ही ग्राहकाची जबाबदारी आहे आणि वरून बादलीनं पाणी ओतणं हा गैरवापर आहे. त्याच इंजिनिअरनं फोन केला. आवाज तसाच नम्र. "व्यंकटजी, प्रयोगशाळेत असं होत नाही."

"साहेब, प्रयोगशाळेत कोणी अनवाणी धुणं धुतं का?" मी विचारलं.

पंधरवड्यानं खोकं आलं. मला वाटलं नवे पार्ट असतील. उघडलं तर आत पिवळे चिकटपट्टीचे कागद, मशीनवर लावायला. त्यावर मराठीत छापलेलं, 'ओल्या हाताने मशीनला स्पर्श करू नये.' मी तीनदा वाचलं. कपडे धुवायच्या मशीनवर! हसावं की डोकं आपटावं कळेना. आप्पांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागद नीट घडी करून माझ्या खिशात ठेवला आणि स्टूल मागवलं. दुकानावरची कंपनीची पाटी त्यांनी स्वतः चढून, स्वतःच्या हातानं उतरवली. मग विकलेल्या घरांची यादी काढली आणि एकेक मशीन परत आणवली. ज्याला जी दुसरी पाहिजे ती दिली. कंपनीची वाट बघितली नाही.

कंपनीनं पुढं बटणं परत मागं नेली. नवी मशीन खरंच चांगली होती, मी स्वतः अनवाणी उभा राहून तपासलेली. पण तोवर लातुरात तिचं नाव पडलं होतं, चिमटा मशीन. दुकानात शिरणारं माणूस आधी विचारायचं, "चिमटेवाली न्हाई न्हवं ही?" फ्रिज दाखवला तरी, "त्याच चिमटेवाल्याचा हाय का? नको." मुख्य कार्यालयातून एक साहेब आले, लातूर-नांदेडात आपला माल का उठत नाही ते शोधायला. किमती, जाहिराती, रंग, सगळं विचारत फिरले. मी एक शब्द सांगितला. त्यांनी डायरीत लिहून घेतला आणि विचारलं, "याचा अर्थ काय?" मी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली. इतकी वर्षं जिच्या नावाचा शर्ट घातला त्या कंपनीची आमच्या भागात एका शब्दानं राख झाली. खरं सांगायचं तर मला वाईटही वाटलं. शेंगा धुणारी मशीन त्यांचीच होती.

आता देवणी.

आप्पा आणि मी सकाळी पोचलो. आप्पांनी दारात वहाणा काढल्या. सासूबाईंनी पाणी आणलं, चहा टाकते म्हणाल्या. आप्पा बसले नाहीत. "आधी मशीन दाखवा."

महानंदा आदल्या दिवसापासून हातानं धुणं धूत होती. न्हाणीत साबणाचं पाणी, बादली, पिळलेले कपडे, फरशी ओली. मी म्हणालो, "आप्पा, टेस्टर लावून दाखवतो तुम्हाला. पत्र्याला लावला की दिवा लागेल, म्हणजे कळेल." मी पिन बसवली, बटण चालू केलं, टेस्टर टेकवला. दिवा लागला. सासूबाई दारातून बघत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"दिव्यावरनं काय कळतंय मला," आप्पा म्हणाले.

ते काय करणार आहेत हे माझ्या लक्षात यायच्या आत त्यांनी धोतर जरा वर खोचलं, त्या ओल्या फरशीवर अनवाणी पुढं झाले, बादलीत हात बुडवला आणि तो निथळता पंजा मशीनच्या कडेवर ठेवला.

हात उडाला. ते मागं गेले आणि त्यांची पाठ भिंतीवर आपटली. सासूबाई ओरडल्या. मी बटण बंद करून पिन उपसली. महानंदा धावत गेली आणि तिनं वडिलांना दोन्ही हातांनी धरलं. आप्पा तिथंच ओल्यात खाली बसले. उजवा हात डाव्या हातात घेऊन बघत होते. मग त्यांनी लेकीला विचारलं.

"किती दिवस झालं, माय?"

"पयल्या धुण्यापासनं."

"अन् तू बोलली न्हाईस?"

महानंदानं त्यांचा हात पदरानं पुसला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला आजही सहन होत नाही.

"बोलले की, आप्पा. ह्या काकाला बोलले, तुमाला बोलले. काका म्हणले काई न्हाई. तुमी म्हणलाव, वापर बिनघोर. मग मला वाटलं, समद्या बायकांलाच घेत आसंल. एकट्या मलाच सोसवंना."